रस्ता आवडल्याबद्दल अर्ज

भूगोलाच्या सरांनी आयुष्यात एकही रकाना रिकामा सोडला नव्हता, आणि पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. चौतीस वर्षं ते मुलांना एकच गोष्ट सांगत आले होते: उत्तर येवो न येवो, जागा कोरी सोडायची नाही. आकृती काढा, आकृतीला नावं द्या, खाली प्रमाण लिहा. मुलं मोठी होऊन हे विसरून गेली. सर विसरले नाहीत.

सुरुवात दाढेपासून झाली. सर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवे होते, तोंडात कापूस होता आणि डॉक्टर बोलत होता. डॉक्टर तरुण, हात हलका आणि जीभ त्याहून हलकी. तो एका सायकल क्लबचा कॅप्टन होता. "सर, हल्ली ग्रॅव्हल सायकलिंगचं वेड आहे. म्हणजे डांबरी रस्ता नको, खडीचा हवा. जाड टायरच्या सायकली येतात त्यासाठी. आमच्यातल्या चाळीस जणांनी घेतल्यात. पण खडीचा रस्ता कुठे आहे? सगळीकडे डांबर."

सरांना नदीचं खोरं आठवलं. सोळा किलोमीटरचा कच्चा रस्ता, नदीच्या कडेकडेने. त्यांना ते सांगायचं होतं, पण तोंडात कापूस. वीस मिनिटं ते नुसते डोळे मोठे करत राहिले आणि डॉक्टर म्हणत राहिला, "दुखतंय का? झालंच." त्यामुळे कापूस निघाल्यावर जे बाहेर पडलं ते गरजेपेक्षा जास्त होतं. सरांनी खोरं सांगितलं, चार जुनी गावं सांगितली, नकाशा करून द्यायचं कबूल केलं, मार्ग मोजून द्यायचं कबूल केलं, आणि दोन महिन्यांनंतरच्या शेवटच्या रविवारी चाळीस सायकलस्वारांना स्वतः पुढे राहून नेण्याचंही कबूल केलं.

"क्लबच्या पुस्तिकेत छापू," डॉक्टर म्हणाला. "नकाशाखाली तुमचं नाव. मार्ग-संशोधक म्हणून."

शाळेच्या पुस्तकांतल्या नकाशांखाली सरांनी चौतीस वर्षं दुसऱ्यांची नावं वाचली होती. ते अर्ध्या बधिर गालाने हसत घरी आले.

"एवढं हसताय म्हणजे दाढ वाचली वाटतं," त्यांची बायको म्हणाली. गल्ली तिला ताई म्हणे.

"दाढ गेली. पण मार्ग सापडला."

ताईंनी अधिक विचारलं नाही. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली की काही प्रश्न आपोआप गळून पडतात.

वरच्या मजल्यावर पंपसाहेब राहत. पाणीपुरवठ्याच्या पंपांवर नोकरी केल्यामुळे हवा, पाणी आणि दाब या विषयांत आपल्याला कुणी काही शिकवू नये, असं त्यांचं मत होतं. सरांची जुनी काळी सायकल जिन्याखालून बाहेर निघालेली पाहून ते खाली आले आणि अंगठ्याने चाक दाबून म्हणाले, "खडीवर हवा कमी पाहिजे. साधं शास्त्र आहे. टायर पसरलं पाहिजे."

"पण ट्यूब चिमटून पंक्चर नाही का होणार?"

"सर, तुम्ही भूगोलाचे."

सरांनी हवा कमी केली. तिसऱ्या किलोमीटरला ट्यूब चिमटून पंक्चर झाली आणि सायकल हातात धरून ते परत चालत आले. पंपसाहेब गॅलरीत उभेच होते. "जास्तच कमी केलीत," ते म्हणाले. "प्रमाण असतं त्याला."

मोजणीची सरांची स्वतःची पद्धत होती. फोनवर अंतर दिसतं हे त्यांना ठाऊक होतं, पण फोन सांगतो ते अंतर आणि आपण मोजतो ते अंतर यांत त्यांच्या दृष्टीने फरक होता. त्यांनी पुढच्या चाकाचा घेर दोरीने मोजला, आरीला पत्र्याची पट्टी बांधली, आणि ती दर फेऱ्याला दांड्यावर टक् करून वाजेल अशी सोय केली. एक टक् म्हणजे दोन मीटर वीस सेंटिमीटर. टक् मोजत जायचं, की झालं.

आता मोजणाऱ्या माणसाला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे आजूबाजूच्यांनी गप्प बसणं. नदीच्या खोऱ्यात ती मिळत नाही. तिथे जाणाऱ्या-येणाऱ्याला लोक हटकतात, आणि सर पडले सभ्य. पुलाच्या गावातून निघावं, बाराशे चाळीस टक् व्हावेत, आणि शेतातून कुणीतरी हाक मारावी, "नमस्कार, कुठे निघालात?" सरांनी "नमस्कार" म्हणावं आणि बाराशे चाळीस हवेत विरून जावेत. मग मागे फिरून पुन्हा पुलापासून एक.

चौथ्या खेपेला त्यांनी पाठीवर पाटी लावली: 'मोजणी चालू आहे. कृपया बोलू नये.' तेव्हापासून जे लोक नुसते नमस्कार करत होते ते थांबवून विचारू लागले की मोजणी कशाची.

तरीही रस्ता असा होता की राग टिकत नसे. सात कमानींचा दगडी पूल, त्याच्या पलीकडे पडक्या बुरुजाचं गाव, मग पुराच्या वेळी वाजवायची मोठी घंटा चौकात टांगलेलं गाव, आणि शेवटी पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या गिरणीचं गाव. नकाशात सरांनी गावांना हीच नावं दिली होती. चाकाखाली खडी खरखरत असे, एका अंगाला नदी आपली वळणं घेत असे, आणि फळ्यावर निळ्या खडूने हजार वेळा काढलेलं वळण प्रत्यक्षात किती संथ असतं, हे पाहून सरांना स्वतःच्या खडूची लाज वाटे.

सातव्या खेपेला ते न चुकता गिरणीच्या गावात पोचले. सात हजार दोनशे बहात्तर. गिरणीवाली दारात पिठाच्या पांढऱ्या हातांनी उभी होती. चाळिशीची बाई, आवाज गिरणीवरून जाणारा. तिने पाणी दिलं, पाटी वाचली आणि विचारलं, "मोजणी कशाची?"

"या रस्त्याची."

"सरकारी?"

"अजून नाही. पण कचेरीत जाणार आहे."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पाण्याच्या पाठोपाठ चहा आला. सरांना वाटलं, सायकलीचं एवढं कौतुक या गावाला असेल याची कल्पना नव्हती.

कचेरीत जाणं भाग होतं, कारण क्लबच्या नियमाप्रमाणे चाळीस लोक एका रस्त्यावरून न्यायचे तर रस्ते खात्याचं ना-हरकत पत्र लागतं. सर नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन खिडकी क्रमांक दोनपाशी उभे राहिले. आत कारकून होता. गळ्यात चष्म्याची दोरी, समोर रजिस्टर, आणि चेहऱ्यावर, येणारा माणूस चुकीच्याच खिडकीवर आला असणार, अशी खात्री.

"रस्त्यासंबंधी आहे," सर म्हणाले.

कारकुनाने न पाहता एक कागद सरकवला. वर छापलं होतं: तक्रार अर्ज.

"माझी तक्रार नाही."

कारकुनाने पाहिलं. "मग?"

"मला रस्ता आवडतो. तो जसा आहे तसा आहे, आणि तिथून सायकली न्यायला हरकत नाही, एवढं पत्र हवं आहे."

"पत्रासाठी आवक क्रमांक लागतो. आवक क्रमांकासाठी फॉर्म लागतो. फॉर्म हा."

"हा तक्रारीचा आहे."

"रस्त्यांना एवढा एकच आहे."

"रस्ता आवडला तर काय करायचं?"

कारकुनाने खरोखर विचार केला. "आवडल्याचा फॉर्म नाही," तो म्हणाला. "आजवर कुणाला आवडला नाही."

सर बाकावर बसले आणि भरू लागले. इथे दुसरा कुणी असता तर त्याने दोन ओळी खरडून क्रमांक मिळवला असता. पण समोर अकरा रकाने होते, आणि सर ते सर होते. 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पुलापासून गिरणीपर्यंत सोळा किलोमीटर केवळ खडी आहे. डांबराचा मागमूस नाही.' हे लिहिताना त्यांना आनंद झाला. 'किती काळापासून' इथे, 'किमान दीडशे वर्षे.' 'संबंधित नागरिकांची संख्या' इथे, 'चाळीस सायकलस्वार.' 'कोणत्या तारखेपूर्वी कार्यवाही अपेक्षित' इथे शेवटच्या रविवारची तारीख. सोबत नकाशा, प्रमाणासह, प्रत्येक वळणाला क्रमांक, खडीच्या आकाराचे तीन नमुने लहान पिशव्यांत, आणि जिथे खडी विशेष छान आहे तिथे लाल खुणा.

कारकुनाने चाळून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा उभ्याने शिक्का मारला. "असा अर्ज नाही पाहिला," तो म्हणाला. सरांनी मान लवून कौतुक स्वीकारलं.

तीन आठवडे पत्र आलं नाही. चौथ्या आठवड्यात पंपसाहेब सकाळी खाली आले. "अभिनंदन. तुमच्या खोऱ्यात रोलर पाहिला."

"कसला रोलर?"

"डांबराचा. बुरुजापर्यंत काळंकुळकुळीत झालंय. गाडी कशी पाण्यावरून गेल्यासारखी गेली."

सर ज्या कपड्यांत होते त्या कपड्यांत निघाले. पुलाच्या गावापासून रस्ता खरोखर काळा होता. त्यावर सायकल आवाज न करता धावत होती, आणि आरीची पट्टी निर्लज्जपणे टक् टक् करत होती. बुरुजाच्याही पुढे, घंटेच्या गावाशी ठेकेदाराची माणसं भेटली. मुकादमाच्या हातात नकाशा होता. सरांचाच. लाल खुणांच्या जागी दुप्पट डांबर ओतलं होतं.

"एवढा नीट नकाशा मोठ्या साहेबांनीही पाहिला नव्हता म्हणे," मुकादम म्हणाला. "बैठकीत सगळ्यांना दाखवला. एक म्हातारा माणूस सात वेळा मोजून येतो आणि आपल्याला लाज नाही, असं म्हणाले. तारीखही दिली होती त्यांनी. त्याआधी संपवायचंय."

सर तसेच कचेरीत गेले. सायकल बाहेर लावायचं त्यांना सुचलं नाही. ती घेऊनच खिडकीशी उभे राहिले.

"मला तक्रार मागे घ्यायची आहे."

"घेता येते," कारकून म्हणाला. "तक्रार चुकीची होती असं लिहून द्या."

"चुकीची नव्हती."

"म्हणजे रस्त्यावर खडी होती."

"होती."

"मग तक्रार बरोबर होती. बरोबर तक्रार मागे घेता येत नाही."

"पण ती तक्रारच नव्हती हो."

"सर, क्रमांक आहे तिला."

संध्याकाळी दातांच्या डॉक्टरचा फोन आला. त्याच्या कानावर गेलं होतं. "सर, डांबर तर आमच्या दवाखान्यासमोर पण आहे. त्यासाठी चाळीस माणसं पहाटे उठवू का?" मग त्याने, दाढ काढताना धीर देतात त्या आवाजात विचारलं, "थोडी तरी उरलीय का?"

"अडीच किलोमीटर," सर म्हणाले. "घंटेपासून गिरणीपर्यंत."

"तेवढ्यातच सहा वेळा येऊन जाऊन करू. पण तेवढी तरी राहिली पाहिजे. नाहीतर रविवार रद्द. आणि पुस्तिकेतलं पान पण."

ताई भाजी निवडत ऐकत होत्या. "अहो, कायमचं काशीला निघालेल्या माणसासारखं तोंड करू नका. जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी टपालाने कागद आला आणि सरांच्या जिवात जीव आला. रस्ते खात्याच्या नियमाप्रमाणे कामाचा दुसरा टप्पा, म्हणजे नेमका तोच अडीच किलोमीटरचा तुकडा, सुरू करण्यापूर्वी तक्रारदाराचा अभिप्राय घ्यायचा होता. दोन चौकोन होते: समाधानी, असमाधानी. खाली लहान अक्षरांत छापलं होतं की तक्रारदार असमाधानी असल्यास चौकशी पूर्ण होईपर्यंत काम थांबेल.

"चौकशी म्हणजे सहा वर्षं," पंपसाहेबांनी ठाम सांगितलं. "आमच्या एका पंपाची अजून चालू आहे. बिनधास्त असमाधानी व्हा."

सरांना इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं. कागद खिशात घालून ते उरलेली खडी डोळ्यांनी पाहायला गेले. घंटेच्या गावापुढे डांबर एका सरळ रेषेत संपलं होतं, आणि तिथून चाकाखाली पुन्हा ती जुनी खरखर सुरू झाली. त्या अडीच किलोमीटरमध्ये सर दोनदा थांबले, उगाचच.

गिरणीच्या दारात निम्मं गाव बसलं होतं. सर दिसताच लोक उठून उभे राहिले. गिरणीवालीने आतून खुर्ची आणली. पुसून.

"अठरा वर्षं अर्ज देतोय आम्ही," ती म्हणाली. "दर वर्षी एक. तुम्ही एक दिलात."

"मी काही—" सर म्हणाले.

"आमच्या अर्जात नकाशा नव्हता ना. चुकलंच आमचं."

सरांनी पाणी प्यायला तोंड वर केलं तेव्हा त्यांना गिरणीचं दार दिसलं. एका बिजागरीवर लोंबत होतं. दुसरी बाजू दोरीने बांधलेली.

"दार पडलंय," विषय बदलायला मिळाला म्हणून सर म्हणाले.

"पडलं नाही, काढलेलं. मामंजींचा पाय मोडला मागच्या पावसाळ्यात. गाडी घंटेच्या पुढे येत नाही, चाकं खचतात. मग दार काढलं, त्यावर मामंजींना घातलं, सहा जणांनी उचलून नेलं. मामंजी परत आले चालत. दार काही पूर्वीसारखं बसलं नाही."

कोपऱ्यात बसलेल्या मामंजींनी, आपल्याविषयी चाललंय म्हणून, मोडलेला पाय जरा पुढे करून दाखवला.

सरांनी खोकून घसा साफ केला. शिकवण्याची सवय वाईट. माणूस खुर्चीवर बसला की बोलू लागतो. त्यांनी सांगितलं की खडीचा जुना रस्ता हा एक ठेवा असतो, लोक तो शोधत लांबून येतात, त्याचा आवाज, त्याचा संथपणा. गावाने शांतपणे ऐकलं. वर्गही असाच ऐकायचा, घंटा व्हायची वाट पाहत.

"तुम्हाला आवडते खडी," गिरणीवाली शेवटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आवडावी की. तुम्ही संध्याकाळी घरी जाता."

सरांनी खिशातून कागद काढला. फार वेळ तो गुडघ्यावर धरून ते बसले. सात खेपांत त्यांनी या रस्त्याचं प्रत्येक वळण मोजलं होतं, खडीचा आकार मोजला होता, कमानी मोजल्या होत्या. रस्ता कसा वाटतो हे त्यांनी एकाही माणसाला विचारलं नव्हतं. उलट पाठीवर पाटी लावून फिरले होते की कृपया बोलू नये. मग त्यांनी पेन मागितलं, 'समाधानी' या चौकोनात खूण केली आणि सही केली. खाली 'कारणे' असा रकाना होता. तो त्यांनी रिकामा सोडला.

कारकुनाने दुसऱ्याच दिवशी कागद परत केला. "रकाना रिकामा आहे. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

सरांनी दात आवळून खिडकीतच लिहिलं: 'गिरणीचे दार नीट बसावे म्हणून.' कारकुनाने दोनदा वाचलं, आणि शिक्का मारला.

सरांनी डॉक्टरला फोन केला. "सर, शेवटची अडीचसुद्धा?"

"शेवटचीसुद्धा. ती मीच दिली."

"पान काढावं लागेल."

"काढा," सर म्हणाले. "नकाशा मात्र परत द्या. ठेकेदाराकडे आहे ती प्रत डांबराने भरलीय."

पण चाळीस लोकांनी रविवार मोकळा ठेवला होता, डबे बांधले होते, आणि घरी सांगून ठेवलं होतं की दुपारपर्यंत आम्ही नाही. असा रविवार कुणी सोडत नाही. ते आले. जाड टायरच्या सायकली गुळगुळीत डांबरावर गुं गुं करत निघाल्या. पुढे सर, काळ्या सायकलवर, टक् टक् करत. मागून कुणीतरी विचारलं, "खडी कुठे आहे?" पंधरा किलोमीटर सरांनी मान वळवली नाही. बरोबर आलेल्या पंपसाहेबांनी प्रत्येकाला हवा वाढवण्याचा सल्ला दिला.

गिरणीच्या गावाआधीच्या शेवटच्या वळणावर सरांची सायकल अचानक घसरली, आणि खाली पडता पडता त्यांना तो आवाज ऐकू आला. खरखर.

कोऱ्या डांबरावर, गिरणीच्या दारापर्यंत, तीनशे मीटर खडी पसरलेली होती. दोन्ही कडांना गाव उभं होतं, हातात रिकामी घमेली आणि टोपल्या. "ठेकेदाराची उरलेली होती," गिरणीवाली म्हणाली. "तुम्हाला आवडते म्हणून पहाटेपासून टाकली. कमी पडली का?"

सर गुडघा चोळत उभे राहिले. मागून चाळीस जण ओरडत त्या तीनशे मीटरवर तुटून पडले. पुढे, मागे, पुन्हा पुढे. डॉक्टरने सतरा फोटो काढले आणि जाहीर केलं की पान राहणार, तीनशे मीटरचं का होईना.

अकरा वाजता गिरणीवालीने सगळ्यांच्या हातात केरसुण्या दिल्या.

"हे कशाला?" डॉक्टरने विचारलं.

"चारला पहिली बस आहे. खडीवरून घसरली तर आमचाच रस्ता बदनाम."

सायकलस्वार एकेक करून घड्याळात पाहू लागले. दवाखाने, पाहुणे, मुलांचे क्लास आठवू लागले. साडेअकराला खोऱ्यात सर, पंपसाहेब आणि गाव एवढेच उरले. पंपसाहेब म्हणाले, "केरसुणी तिरकी धरायची असते," आणि सावलीत बसले.

ताई त्या पहिल्या बसने आल्या. खिडकीतून त्यांनी आपल्या नवऱ्याला रस्ता झाडताना पाहिलं आणि बाकीच्या प्रवाशांना त्याच्याशी आपलं काही नातं आहे असं दाखवलं नाही. उतरल्यावर मात्र जवळ येऊन म्हणाल्या, "घरची गच्ची झाडा म्हटलं तर कंबर धरते तुमची."

त्यांच्या मागून कारकून उतरला. रविवारी रस्त्याच्या उद्घाटनाला हजर राहायचा हुकूम असल्यामुळे चेहरा पडलेला, काखेत रजिस्टर. त्याने कडेला गोळा केलेला खडीचा ढीग पाहिला, सरांच्या हातातली केरसुणी पाहिली, आणि काही विचारायचं टाळलं. मग तो वळून सगळा रस्ता पाहत राहिला. एका बाजूने नदी, मागे दूर बुरूज, गिरणीचं चाक, आणि तिथे नवीन बिजागरी ठोकत बसलेले मामंजी. बावीस वर्षं खिडकीमागे बसून त्याने या रस्त्याचे अर्ज घेतले होते. रस्ता कधी पाहिला नव्हता.

"चांगला आहे हो," तो म्हणाला. "मला आवडला."

सरांनी केरसुणी खांद्याला लावली.

"लेखी देऊ नका," ते म्हणाले. "त्याचा फॉर्म नाही."